फोटो आईचा, नाव आत्याचं

पत्र सहा पानांचं होतं. नावं, गाव, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय.

लिहिणारी ३६ वर्षांची, लग्न झालेली, नोकरी ठाण्याला. माहेर राजापूर ते देवगड ह्या पट्ट्यात, खाडीच्या वरच्या अंगाला. आजोबा २००६ साली गेले, सातबाऱ्यावर वारस म्हणून आजी, बाबा आणि आत्या अशी तीन नावं लागली. दोन वर्षांनी आजीही गेली. २००९ साली आत्याने हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा रजिस्टर कागद, करून दिलं आणि तिचं नाव कमी झालं, असंच ही आजवर धरून चालली होती. आता रस्त्याला लागून असलेली आंब्याच्या ६० कलमांची बाग विकायची ठरलीये, मुंबईचं गिऱ्हाईक आहे, विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन झालाय, आणि गिऱ्हाइकाच्या वकिलाचं म्हणणं की मुलगा आणि मुलगी दोघांनीही संमती म्हणून खरेदीखतावर सही करायची. सही करण्याआधी जुने कागद एकदा बघावेत म्हणून हिने सब-रजिस्ट्रार ऑफिसातून त्या हक्कसोडपत्राची सर्टिफाईड कॉपी काढली. शेवटच्या पानावर लिहून देणार म्हणून नाव आत्याचं आणि नावापुढे जो वेबकॅमवर काढलेला छोटासा फोटो असतो त्यात आई. हिच्या दहावीच्या निकालाला बाबांनी आणलेली हिरव्या काठाची साडी नेसलेली. बाजूला अंगठा, तोही आईचाच असणार.

विचारलं तेव्हा आई सुपात तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "ह्यांनी सांगितलं उभी रहा, मी राहिले." बाबा म्हणाले बागेसाठी बँकेचं कर्ज काढायचं होतं, तेव्हा आत्याचे मिस्टर आपल्याशी बोलत नव्हते, त्यांनी तिला सही द्यायला पाठवलं नसतं, आणि तसंही विचारलं असतं तर तिने दिलंच असतं. भाऊ म्हणतो हे आता उकरून काढलंस तर तू आईला जेलात घालशील. आत्या आज ६४ वर्षांची, खाडीपलीकडे राहते, दर गणपतीला आमसुलं आणि कुळथाचं पीठ घेऊन येते. बाबा दर मे महिन्यात तिला दोन पेट्या आंबे पाठवतात आणि ती ते वाडीत दहा घरी वाटते, भावाने पाठवले म्हणून. ह्या वर्षीच्या पेट्या अजून जायच्यात.

सही पंधरा-वीस दिवसांवर आलीये. घरच्यांशी इमान राखू की आत्याला खरं सांगू, हा तिचा प्रश्न.

उत्तर

बाय, तुला तूच म्हणते, पत्र वाचताना तसंच तोंडात येत होतं.

आधी घाईचं बोलू. सही करू नकोस. खरेदीखतावर नाही, साठेखतावर, म्हणजे विक्रीच्या आधीच्या करारावर, नाही, कुठल्या संमतीपत्रावर नाही, आणि भाऊ म्हणाला की तुला रजा मिळत नसेल तर माझ्या नावाने कुलमुखत्यारपत्र करून दे, तर तेही नाही. आजवर तू काहीही केलेलं नाहीस. २००९ ला तू कॉलेजात होतीस, नुसतं कळलं म्हणून तू आरोपी होत नाहीस. पण कागद खोटा आहे हे माहीत असताना त्याच्या जोरावर होणाऱ्या व्यवहारात तू सही केलीस की तो कागद तुझाही झाला. खोटा दस्त खरा म्हणून वापरणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्यावर गिऱ्हाइकाचे पैसे घेतले की फसवणूक वेगळी. घरी एवढंच सांग की मला कागद माझ्या वकिलाला दाखवायचेत, तो बघेल मग सहीचं बोलू. हे खरंही आहे आणि ह्यात भांडणही नाही. ह्याने थोडे दिवस मिळतील, आणि तुला आत्ता तेच हवेत.

आता तुझा मूळ प्रश्न. तुझ्या पत्रात 'घरचे' हा शब्द ११ वेळा आलाय, मी पेन घेऊन मोजला. घरचे काय म्हणतील, घरच्यांवर काय वेळ येईल, घरच्यांना सोडून मी कुठे जाऊ. आणि ह्या अकरा वेळांत एकदाही त्या शब्दात आत्या नाहीये. ती त्याच घरात जन्मली, त्याच पडवीत खेळली, त्या बागेतली काही कलमं ती लग्न होऊन जायच्या आधी तुझ्या आजोबांनी लावली तेव्हा तिनेही विहिरीचं पाणी कळशीने नेऊन घातलं असेल, आणि तरी तिला दुखवणं म्हणजे बाहेरच्या माणसाला दुखवणं आणि बाबांना दुखवणं म्हणजे घर मोडणं, असा हिशोब तू न कळत करून ठेवलायस. तुला दोष देत नाहीये, आपल्याकडे सगळ्याच मुलींना हा हिशोब असाच शिकवलेला असतो, लग्न झालं की ती पाहुणी. पण तू ज्याला घरचे विरुद्ध आत्या म्हणतेस ते खरं तर घरच्याच एका माणसाने घरच्याच दुसऱ्या माणसाला फसवलंय असं प्रकरण आहे. मग इमान राखायचं म्हणजे कोणाशी, हा प्रश्न वेगळाच दिसायला लागतो.

अजून एक, हे लिहिताना मला जड जातंय पण लिहितेच. तुझ्या भावाला सात वर्षांची मुलगी आहे असं तू लिहिलंयस. तिची आत्या तू आहेस. बाबांच्या मागे सातबाऱ्यावर तुझं आणि भावाचं नाव लागेल, आणि जो भाऊ आज म्हणतोय की घरातली गोष्ट घरात राहू दे त्याला ह्या घरात एक रीत पडलेली माहीत आहे, की बहिणीची सही अडली तर दुसरी बाई उभी करता येते. तो असं करेलच असं मी म्हणत नाही. पण तू आज गप्प राहून ती रीत चालू ठेवतेस, आणि त्या रीतीत आत्याच्या जागी पुढची बाई तूच आहेस.

बाबांचं वाक्य आता. विचारलं असतं तर तिने दिलंच असतं. मला हे वाक्य फार वेळ सोडेना, कारण ते बहुतेक खरंच असेल. माझ्या आईने तिच्या भावांना हक्कसोड करून दिली, गुहागरकडे, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. मी लहान होते, तिच्याबरोबर गेले होते. मामा सकाळच्या एसटीने न्यायला आला, कचेरीत दुपारपर्यंत बाकावर बसलो, मग तिने नाव लिहून सही केली, अंगठा दिला, आणि मामाने तिला साडी घेतली आणि मला गोटी सोडा पाजला. त्या जमिनीची किंमत त्या साडीच्या कितीतरी पट होती हे तिला कळत होतं. का दिलीस विचारलं तर म्हणायची, माहेरची वाट राहिली पाहिजे ना. मला हे पटत नाही, तेव्हाही नाही आणि आत्ताही नाही, हक्क सोडल्याशिवाय माहेर राहत नसेल तर ते माहेर काय कामाचं, पण एक गोष्ट मान्य करते, ती दिली तिने. तिच्या हातून गेली. मरेपर्यंत ती त्या घरात ताठ मानेने जायची कारण तिथे प्रत्येकाला माहीत होतं की ह्या बाईने आपल्याला काहीतरी दिलेलं आहे. तुझ्या आत्याकडून जमीन तर गेलीच, पण ती देण्याचा मानही गेला, आणि वर दर मे महिन्यात ती भावाचे उपकार मानतेय, दोन पेट्यांसाठी, ज्या झाडांवरून ते आंबे उतरवले त्यातली निम्मी झाडं तिची आहेत. मला ह्या सगळ्या प्रकरणात जमिनीपेक्षा ह्या पेट्या जास्त लागल्या.

आणि बाबांना जर खात्री होती की ती देईल, तर विचारलं का नाही? भावोजी बोलत नव्हते म्हणतात. मग कर्ज फिटलं, भावोजींशी बोलणं सुरू झालं, ती गणपतीला यायला लागली, तेव्हा तरी सांगायचं. इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नाही, ह्याचा अर्थ त्यांनाही आतून माहीत आहे की हे काय झालंय. तुझे बाबा दुष्ट आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. कातळावर भर घालून, वानरं राखून, मोहोरावर फवारण्या मारून, ऐन हंगामात अवकाळी पावसाने फळ काळं पडताना बघून ज्याने ही बाग जगवली तो माणूस राबलाय, आणि मी राबलो, बहीण नाही, मला जास्त मिळायला पाहिजे, हे म्हणणं रास्तही असू शकतं. पण ते म्हणणं बहिणीसमोर बसून करायचं असतं. ती कदाचित निम्म्याऐवजी पाव हिश्श्यावर मानेल, कदाचित नाही मानणार, ते तिने ठरवायचं.

आता भावाचं, आईला जेल. हे तुला गप्प करण्यासाठी म्हटलंय की खरंच घाबरून, मला सांगता येणार नाही, दोन्ही असू शकतं. तुला गोड बोलून फसवायचं नाही म्हणून कायदा जसा आहे तसा सांगते. दुसऱ्याच्या नावाने उभं राहून दस्त नोंदवणं हा नोंदणी कायद्याच्या कलम ८२ खाली गुन्हा आहे, ७ वर्षांपर्यंत शिक्षा. २००९ चं प्रकरण म्हणजे जुना भारतीय दंडविधान (आयपीसी) लागू होणार, त्यात तोतयेगिरीने फसवणूक कलम ४१९, आणि मिळकतीचा खोटा दस्त बनवणं कलम ४६७, ज्याला कागदावर शिक्षा १० वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपही आहे. इतकं जुनं झालं म्हणजे संपलं असं समजू नका, फौजदारी तक्रारीला मुदत असते ती ३ वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना, त्याच्या वरच्यांना नाही. दोष फक्त आईवर येत नाही, ज्याने तिला उभं केलं, ज्याच्या नावाने जमीन झाली, आणि ही आत्याच म्हणून ओळख द्यायला जे दोघं उभे राहिले, तेही त्यात येतात. तू भावाला हे विचार की सगळं प्रकरण बोलताना जेलात आईच का जाते, बाबा का नाही?

पण भाऊ एक गोष्ट उलटी बघतोय आणि हीच मला तुझ्याकडून त्याला समजावून हवीये. आज ह्या कागदाने फसवलं गेलेलं माणूस एकच आहे, आत्या. ती बाबांची सख्खी बहीण आहे, आईच्या हातचं जेवलेली आहे, रागावली तरी ती मायेच्या माणसांवर रागावणार. घरातल्या घरात मिटलं तर कोर्टही ते बघतं. ४६७ सारखं कलम आपापसात मिटवून बंद होत नाही हे खरं, पण कौटुंबिक, मिळकतीच्या वादातून आलेलं प्रकरण असेल आणि दोन्ही बाजूंनी खरोखर मिटवलं असेल तर हायकोर्टाला ते रद्द करता येतं, सुप्रीम कोर्टाने २०१२ च्या ग्यानसिंग निकालात हे सांगितलेलं आहे. होईलच अशी हमी नाही, वाट आहे. आणि बाग विकल्यावर? मग मुंबईच्या माणसाने मोजून पैसे दिलेले असतील, त्याने तिथे बंगला बांधायला घेतलेला असेल, आणि उद्या आत्याच्या मुलाने किंवा नातवाने हाच कागद काढला, जसा तू काढलास, तर आईच्या समोर एक परका माणूस उभा राहील ज्याचं तिच्याशी काही देणंघेणं नाही, ज्याचे वकील आहेत आणि ज्याला समझोत्याची गरज नाही. सही करणं म्हणजे आईला वाचवणं असं भावाला वाटतंय, ते बरोबर उलट आहे. आणि कागद निघणारच, कारण मिळकतीच्या दस्ताचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदीचा उतारा, आणि सर्टिफाईड कॉपी कोणालाही मिळते, तुला मिळाली तशीच. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या बोलण्याने किनाऱ्यालगतच्या जमिनींवर सगळ्यांची नजर गेलीये, ज्या कातळाकडे कोणी बघत नव्हतं त्याचे सातबारे आता लोक ऑफिसात बसून मोबाईलवर काढतात.

मग करायचं काय. पोलिसात तू जावंस असं मला वाटत नाही, निदान पहिली पायरी म्हणून नाही. ज्याचं गेलंय त्याला न विचारता तू तक्रार केलीस तर पुन्हा आत्याच्या वतीने दुसऱ्याच कोणीतरी ठरवलं असं होईल, जसं २००९ ला झालं. आणि थेट आत्याकडे जाऊन कॉपी तिच्या हातात देणं, तेही मी आधी नाही सांगणार, कारण बाबांना स्वतः सांगायची एक संधी मिळायला हवी. मात्र एकच, आणि तारीख लावून.

सुरुवात आईपासून कर. बाबा घरात नसताना, ते बागेत किंवा बाजाराला गेलेले असताना. ती हात न थांबवता बोलली ना तुझ्याशी, ज्या बाईला काही वाटत नाही ती थांबून वाद घालते, ही थांबली तर रडेल म्हणून निवडत राहिली असं मला वाटतं. तिला तू असं का केलंस असं विचारू नकोस, ते तिला माहीत आहे. तिला विचार, त्या दिवशी काय काय झालं. किती वाजता निघालात, कचेरीत कोण होतं, साहेबाने नाव विचारलं तेव्हा तू काय सांगितलंस. नणंदेचं नाव स्वतःचं म्हणून तोंडाने सांगावं लागलं असेल तिला. आणि त्यानंतर दर गणपतीला तीच नणंद समोर येऊन बसते, ही तिला पाटावर वाढते. एवढी वर्षं हे पोटात ठेवून जगणं काय असेल, तू नुसतं ऐकून घे. मला वाटतं ती तुझ्या बाजूला येईल, सगळ्यांच्या आधी येईल. नाही आली तरी तिला वकिलाकडे स्वतंत्र सल्ला मिळायला हवा, बाबांच्या वकिलाकडून नाही, कारण तिचा आणि बाबांचा बचाव एकच असेल असं नाही.

मग बाबा. त्यांच्याशी बोलताना कोर्ट, कलम, जेल ह्यातलं काही काढू नकोस, पहिल्या दिवशी तर नकोच. ७० च्या पुढचा माणूस, बायपास झालेली, त्याला कोपऱ्यात ढकललं तर तो फक्त आवाज चढवेल आणि मग बोलणं संपेल. सरळ सांग की बाबा, मी सही करणार नाही, मला तुमची लाज वाटते म्हणून नाही, आत्याला न सांगता करता येत नाही म्हणून. तुम्ही तिला सांगा. ह्या महिनाअखेरीपर्यंत. नाही सांगितलंत तर मी सांगेन, आणि हे धमकी म्हणून म्हणत नाही, तुम्हाला आधी कळावं म्हणून सांगतेय. मग गप्प राहा. ते जेवणार नाहीत, दोन दिवस बोलणार नाहीत, छातीत दुखतंय म्हणतील, दुखलं तर डॉक्टरकडे ने, पण तारीख हलवू नकोस. तारीख का हवी, तर गिऱ्हाइकाचा वकील सर्च घेतो, म्हणजे जुन्या नोंदी तपासतो, स्थानिक पेपरात जाहीर नोटीस देतो, कोणाची हरकत असेल तर अमुक दिवसांत कळवा म्हणून, आणि ती मुदत गेली की खरेदीखत होतं. आत्या काही तो पेपर वाचत नाही. गिऱ्हाइकालाही बाबांनी स्वतः सांगावं की मिळकतीत बहिणीचा हिस्सा आहे, तो मिटेपर्यंत थांबा, नाहीतर विसार परत घ्या. विसारातले पैसे खर्च झालेत का हे आधी विचारून घे, बहुतेक घरात इथेच गाडं अडतं.

हिस्सा किती, तेही लिहून ठेवते कारण घरात साडी-चोळी देऊन मिटवू असं कोणीतरी म्हणेलच. आजोबा २००६ ला गेले, म्हणजे मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच हक्क देणारी ९ सप्टेंबर २००५ ची दुरुस्ती झाल्यानंतर. पुढे २०२० च्या विनीता शर्मा निकालात सुप्रीम कोर्टाने तो हक्क जन्माने आहे हेही स्पष्ट केलं. जमीन आजोबांची स्वतःची असली तरी वारस म्हणून मुलगा आणि मुलगी सारखेच. आजीचा हिस्साही, मृत्युपत्र नसेल तर, दोघांत सारखा. म्हणजे साध्या भाषेत निम्मं. ६० कलमांतली ३०.

मिटवायचं ठरलं तर मार्ग बरेच आहेत. बाग विकायचीच असेल तर आत्या लिहून देणार म्हणून दस्तात येईल आणि तिच्या हिश्श्याचे पैसे तिच्याच खात्यात जातील, भावाच्या खात्यातून फिरून नाही. विकायची नसेल तर रजिस्टर वाटणीपत्र. जुनं हक्कसोडपत्र रद्द करण्याचं कसं करायचं ते वकील ठरवेल, पण नुसतं सातबाऱ्यावर नाव चढवलं की झालं असं समजू नका, सातबारा हा मालकीचा शेवटचा पुरावा नाही, कागद मुळातून सरळ करावा लागतो. दिवाणी भाग लोकअदालतीत मिटवता येतो, तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. ह्या सगळ्या वर्षांत निघालेल्या आंब्याच्या उत्पन्नाचाही विषय निघेल, निघू दे. कर्ज, मजुरी, फवारणी वजा करून काय उरतं ते बाबांनी वहीत मांडून दाखवावं.

आत्याला कळल्यावर ती काय करेल, हे तुला माहीत नाही आणि मलाही नाही. ती ओरडेल, रडेल, तिची मुलं येऊन भांडतील, ह्या वर्षी ती गणपतीला येणार नाही, वकील करेल, किंवा पदराने डोळे पुसून म्हणेल जाऊ दे. काहीही झालं तरी ते तिचं. तिला सांगायला जाऊन वर पोलिसात जाऊ नकोस हं असं वचन मागू नका, आईच्या पाया पडण्याने तिला बांधून घेऊ नका. माफी मागायची आणि थांबायचं. एक गोष्ट तिला सांगायलाच हवी, ती म्हणजे तिलाही वेळेची मर्यादा आहे. असा दस्त रद्द करून घ्यायचा दावा फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांत लावावा लागतो, आणि समोरचा वकील असंही म्हणू शकतो की कागद रजिस्टर होता, तिला आधीच कळायला हवं होतं. म्हणून तिने लगेच स्वतःचा वकील गाठावा. पैशाची अडचण असेल तर बायकांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, तालुक्याच्या कोर्टात समिती असते, जिल्ह्याचं ऑफिस रत्नागिरीत आणि सिंधुदुर्गासाठी ओरोसला, फोनवर विचारायचं तर १५१००.

तुझ्यासारख्या इतर वाचणाऱ्यांसाठी थोडं. हक्कसोड करून दिली असं घरात म्हणतात म्हणून ती झाली असं धरू नका. आपल्या नावाचा जुना सातबारा काढा, नाव कुठल्या फेरफाराने, म्हणजे नोंदीतल्या बदलाने, कमी झालं तो फेरफार नंबर बघा, फेरफार काढा, त्यात दस्त क्रमांक असेल तर त्या दस्ताची कॉपी काढा आणि शेवटचं पान बघा, फोटो, अंगठा, ओळख देणारे. कधीकधी दस्तच नसतो, आजोबा गेल्यावर वारस लावताना लेकींची नावंच सांगितलेली नसतात, हे तर फारच होतं, आणि घरच्यांना वाटतं हा काही गुन्हा नाही, विसरलो म्हणायचं. तिथे तलाठ्याकडे अर्ज, प्रांताकडे अपील असा रस्ता आहे. आणि ज्यांनी हे केलंय, जे आज साठीसत्तरीत आहेत आणि हे वाचत असतील, त्यांना हात जोडून सांगते, मुलांना एखाद्या पंधरा वर्षं जुन्या कागदावर तुमचा फोटो सापडायच्या आत तुम्ही बोला.

तुझं उरलेलं. तू लिहिलंयस की खरं बाहेर आलं तर मला माहेर राहणार नाही. भाऊ काही दिवस बोलणार नाही, कदाचित काही वर्षं. हे होऊ शकतं, मी नाही म्हणणार नाही. नवऱ्याला सगळं सांगितलंयस का? सांगितलं नसशील तर आजच सांग, एकटीने हे धरून ठेवू नकोस. कॉपीचे दोन झेरॉक्स काढ, एक ठाण्यालाच ठेव, मूळ कोणाच्या हातात देऊ नकोस, भावाच्याही नाही.

आणि बाबा तयार झाले तर बरोबर जा. तू, आई आणि ते, तिघंच. भाऊ नको, तो मध्ये बोलेल. सकाळची वेळ बघा, आत्याचे मिस्टर घरात असतील अशी, कारण त्यांच्याशी अबोला हेच कारण पुढे केलं होतं. बोलायचं बाबांनी, तू नाही, आणि कॉपी त्यांनी स्वतःच्या हाताने तिच्यासमोर ठेवायची, शेवटचं पान वर करून. ह्या वर्षीच्या पेट्या त्या दिवशी नेऊ नका, आधीही पाठवू नका. तिला कळल्यावर ती म्हणाली पाठवा, तर पाठवा.